उदारमतवादाची खुर्ची

३ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला ठेवू नकोस, आधी वाच. गोडगोड सुरुवात मला जमत नाही आणि तुला ती खपत नाही, म्हणून सरळ सांगते. आईच्या पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, लवकर ऑपरेशन केलं तर आई अजून काही वर्षं आपल्यात राहील. नाही केलं तर पुढचा हिवाळा तिला दिसायचा नाही. आणि आई ऑपरेशनला नाही म्हणते.

कशी नाही म्हणाली ते ऐक. दवाखान्यात तिनं शहाण्यासारखी मान डोलावली, डॉक्टरीणबाईंचे आभार मानले. मला वाटलं, सुटले. घरी आल्यावर ती पायातल्या चपलाही न काढता जेवणाच्या टेबलाशी गेली आणि खिडकीकडच्या खुर्चीत बसली. बाबा गेल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. "मी इथे बसलेय," ती म्हणाली. "आता काय बोलायचं ते बोल."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना हा खुर्च्यांचा प्रकार समजावताना माझी पार फजिती झाली. आपल्याला सवय होती म्हणून, पण परक्या माणसाला सांगायला गेलं की आपलं घर म्हणजे वेड्यांचा बाजार वाटतं. म्हणून तुलाच परत लिहून काढते. तू विसरला नसशील, तरी मला एकदा नीट लावून घेऊ दे.

बाबा कॉलेजात पहिल्या वर्षाला विचारसरणींची ओळख शिकवायचे आणि मुलं जांभया द्यायची. मग त्यांनी तो विषय घरी आणला. टेबलाला चार खुर्च्या आणि आपण चौघं. खिडकीकडची खुर्ची अभिजात उदारमतवादाची. माणूस आधी, सरकार मागून. माझं शरीर, माझं मत, माझी कमाई ही माझी. कायदा सगळ्यांना एक, आणि करणाऱ्यालाही तोच. मी दुसऱ्याचं नुकसान करत नाही तोवर मला कोणी अडवायचं नाही. स्वयंपाकघराकडची समाजवादाची. तिथे बसणाऱ्यानं विचारायचं की तू खातोस ते रांधलं कोणी, आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्यानं तुझं स्वातंत्र्य चाटायचं का. भिंतीकडची परंपरावादाची: पिढ्यांनी मिळून जे उभं केलं ते एका दुपारच्या वादात मोडू नका. दाराकडची अराज्यवादाची: कोणी कोणावर हुकूम चालवायचाच कशाला. पाहुणा आला की त्याला स्टूल आणि राष्ट्रवाद. हुकूमशाहीला खुर्ची का नाही असं तू विचारलं होतंस. बाबा म्हणाले, तिला एक दिली की बाकीच्या चार ती सरपणात काढते.

रविवारी खुर्च्या बदलायच्या आणि आठवडाभर त्या खुर्चीचं मत मांडायचं. आई स्वयंपाकघराकडे असली की बाबांच्या ताटातला अर्धा बटाटा बिनदिक्कत उचलायची. खिडकीच्या खुर्चीला मात्र एक जादा नियम होता. तिथे बसलेल्याशी भांडा, त्याची मनधरणी करा, वाटल्यास रडा, पण त्याला 'ऊठ' म्हणायचं नाही.

त्या नियमाचं पुढे काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस, त्याबद्दल मी लिहिणार नाही असं ठरवलं आहे.

मला आई हवी आहे. तिला मनवण्यात मी कमी पडते आहे. तुझा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नाही, तर तू एकदा तिच्याशी बोल.

बारकी

१५ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन हवामानावर. बेकरीत काम फार आहे हे कळलं. तू आईशी बोलणार नाहीस हेही कळलं. उरला तुझा एक प्रश्न, की आई भानावर आहे का.

हाच प्रश्न डॉक्टरीणबाईंनीही विचारला, त्यामुळे उत्तर जपून द्यायला हवं. आई स्वतःची औषधं स्वतः घेते, दुकानदाराची चूक पकडते, मी चोरून रडले तर तिला दुसऱ्या खोलीतून कळतं. पण ती बाबांशी बोलते. फोटोशी बोलतात तसं नव्हे. जेवताना "अहो, भाजीत मीठ कमी आहे का?" असं विचारते आणि थांबते. उत्तर यायला जितका वेळ लागावा तितकाच वेळ थांबते, मग "मलाही तेच वाटलं" म्हणून मीठ घेते. कधी नुसतंच "हं, हं, ते मी सांगितलंय तिला." आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये न दिसणाऱ्या माणसांशी बोलण्यात गेलेली बाई, तेव्हा तिला यात काही वावगं वाटत नाही. मला काही ऐकू येत नाही, हे इथेच सांगून ठेवते.

बाबा कुठे बसतात असं मी एकदा विचारलं. "भिंतीकडे," आई म्हणाली. "मेलेल्या माणसाला परंपरावादच शोभतो." आणि स्वतःच्या विनोदावर पोट धरून हसली, आणि मग ते पोट दुखतं म्हणून पडून राहिली.

मी सगळ्या खुर्च्यांत बसून पाहिलं. स्वयंपाकघराकडे बसून म्हटलं, आई, तुझं शरीर तुझ्या एकटीचं कसं? मी तुझ्या हातचं खाऊन वाढले, माझाही त्यावर काही हक्क आहे. ती म्हणाली, "हक्क आहे ना. म्हणूनच तर तुला समोर बसवून सांगतेय, गुपचूप मरत नाहीये." भिंतीकडे बसायला गेले तर "तिथे नको, ते आहेत" म्हणाली. मग मी स्टूल घेऊन खिडकी आणि स्वयंपाकघराच्या मधल्या कोपऱ्यात बसले. नंतरच्या उदारमतवाद्यांचा कोपरा म्हणायचे ना बाबा त्याला, ज्यांनी सरकारला शाळा नि दवाखाने काढायला लावले, कारण आजारी नि अडाणी माणूस नुसता मोकळा सोडून मोकळा होत नाही. मी म्हटलं, आधी बरी हो, म्हणजे तुझ्या स्वातंत्र्याला काही अर्थ राहील. आई म्हणाली, "हे बरं बोललीस. पण नाही."

दिवसभर चष्म्याच्या दुकानात मी लोकांच्या डोळ्यांवर काचा बदलत विचारते, असं बरं दिसतं की असं? संध्याकाळी घरी येऊन पुन्हा तेच. फरक इतकाच की गिऱ्हाईक कधी ना कधी 'हे बरं' म्हणतं.

आता कामाचं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, आई स्वतःचा निर्णय घ्यायच्या स्थितीत नसेल, तर मुलांच्या संमतीनं ऑपरेशन करता येईल. दोघांच्या सह्या लागतील. ती मेलेल्या नवऱ्याशी बोलते एवढं मी त्यांच्या कानावर घातलं, तर पुढचं सोपं आहे. कागद सोबत पाठवते आहे. घाई नाही, नीट विचार कर.

बारकी

२ एप्रिल

दादा,

तुझ्या सहीचा कागद येऊन आठवडा झाला. इतक्या लवकर आला की मला जड गेलं. तू एकही प्रश्न विचारला नाहीस. तू, ज्यानं खिडकीकडे बसून बाबांना तोंडावर सांगितलं होतंस की माझं आयुष्य माझं आहे, कॉलेजातली नोकरी तुम्ही ठरवलीत म्हणून मी करणार नाही, मी पाव भाजणार आणि दूर जाऊन भाजणार. बाबांनी "कारण?" विचारलं तर म्हणालास, कारण द्यायला मी बांधील नाही. ते त्यांनी ऐकून घेतलं. आणि आईच्या वेळी तू झटक्यात सही करून मोकळा.

चिडून लिहिते आहे खरी, पण कागद मीच पाठवला होता. शिवाय तुला सगळं सांगितलं नव्हतं, एक तर चक्क खोटं लिहिलं होतं.

मलाही बाबा ऐकू येतात.

हसू नकोस. हसलास तरी चालेल, इथे कोण बघायला आहे. सुरुवात खुर्चीच्या आवाजानं झाली. बाबा बसताना खुर्ची आधी मागे ओढायचे आणि बसल्यावर जराशी पुढे, तो पुढचा छोटा आवाज आठवतो? आई ताटं मांडते, मी पाण्याचे ग्लास ठेवते आणि भिंतीकडून तो आवाज येतो. खुर्ची हललेली नसते. मी हात लावून पाहिलं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ग्लास हातून पडला. आई तुकडे उचलू लागली. मी म्हटलं, हात ओला होता. तिला वाटतं, मला काही ऐकू येत नाही. मीही तिला तसं वाटू देते, कारण तिला भान नाही असं मला डॉक्टरीणबाईंना सांगायचं आहे.

मग एका संध्याकाळी मी आईला निक्षून सांगितलं, पुरे झालं, तुला ऑपरेशन करावंच लागेल. आणि भिंतीकडून बाबा म्हणाले, "कारण?"

त्यांचाच आवाज, रे. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला विचारायचे तसा, न चढवलेला. आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही, ती भाताचा घास घेत होती. मी मनातल्या मनात उत्तर दिलं, कारण ती बरी होईल. "कारण?" कारण डॉक्टर म्हणतात. "कारण?" कारण मुलीचं कर्तव्य आहे. दर वेळी तोच शब्द, तितक्याच शांतपणे. मी ताट तसंच टाकून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले, तर पाण्याच्या आवाजातूनही आलं. शेवटी मी म्हटलं, कारण मला या घरात एकटीनं राहायचं नाही. मग काही आलं नाही.

प्रत्येक विचारसरणीच्या मुळाशी एक भीती असते असं ते शिकवायचे. उदारमतवादी राजाच्या हाताला भितो, समाजवादी शेजाऱ्याच्या उपाशी पोटाला, परंपरावादी भितो की जे मोडलं ते पुन्हा जुळणार नाही, अराज्यवादी हुकमाला भितो, राष्ट्रवादी आपण कोणाचेच नाही याला. भीती खोटी नसते, म्हणायचे, ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची की नाही एवढंच ठरवायचं असतं. मला संध्याकाळी घरी यायची भीती वाटू लागली आहे. दुकान बंद झाल्यावरही मी उगाच काचा पुसत बसते.

परवा दवाखान्यात बोलावलं आहे. दोन्ही सह्यांचा कागद माझ्या पर्समध्ये आहे. मी तो देणार आहे. मला आई हवी, मग माझं काय व्हायचं ते होवो.

बारकी

५ एप्रिल

दादा,

मी कागद दिला नाही. तुझी सही फुकट गेली, त्याबद्दल माफ कर.

झालं ते असं. डॉक्टरीणबाईंची खोली लहान आहे, टेबलाच्या अलीकडे दोनच खुर्च्या. बाबांचं मी आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं, म्हणून त्यांनी आईला थेट विचारलं, "तुमचे मिस्टर तुमच्याशी बोलतात असं ऐकलं."

"बोलतात," आई म्हणाली. "जिवंत होते तेव्हा जास्त बोलायचे."

"काय बोलतात?"

"जास्त करून प्रश्नच विचारतात. शिक्षक होते ना."

"आणि ऑपरेशनचं काय म्हणतात?"

"तेही कारण विचारतात. पण तुम्ही मला विचारताय म्हणून सांगते. माझ्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीचं असंच उघडून पाहिलं. पुढचे सगळे दिवस ती तुमच्या वरच्या मजल्यावर नळ्या लावून पडली. माझे जे काय उरलेत ते मला माझ्या टेबलाशी बसून हवेत. गाठ माझी, पोट माझं. माझं म्हणणं एवढंच आहे."

डॉक्टरीणबाई वाईट नाहीत हं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रोज सोबत असता. तुम्हाला काय वाटतं, आई भानावर आहेत?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. माझ्यावर दबाव येऊ नये म्हणून ती मुद्दाम बाहेर झाडाकडे बघत होती, हे मला कळलं. मी नुसती नकाराची मान हलवली असती तरी चाललं असतं. पर्सची चेन मी उघडली होती. मी वाट पाहिली, बाबा काही म्हणतील म्हणून. इतके दिवस नको तेव्हा बोलले, आणि त्या दिवशी अवाक्षर नाही. मग माझ्याच तोंडून निघालं, "बाबा मलाही ऐकू येतात."

"म्हणजे?"

"म्हणजे आई भ्रमिष्ट असेल तर मीही आहे. मग माझी सही कशी चालेल?"

"आणि भावाची?"

"तो बरीच वर्षं तिच्यासमोर बसलेला नाही," मी म्हटलं. यात तुला टोमणा मारायचा नव्हता. त्या वेळी जे खरं होतं ते सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. चष्म्याची एक काडी सैल झाली होती. मी पर्समधला बारका पेचकस काढला आणि ती आवळून दिली. त्यांनी दुखणं कमी करायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि कधीही या म्हणाल्या.

जिन्यात आईनं माझा हात धरला. म्हणाली, "माझ्यासाठी खोटं बोललीस, बारके."

"नाही," मी म्हटलं.

ती एका पायरीवर थांबली. येणारी-जाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. "तुला ऐकू येतात?"

"हो."

"केव्हापासून?"

"ग्लास फुटला तेव्हापासून."

आईचे डोळे भरून आले. ऑपरेशनचं ऐकून रडली नव्हती, ती तिथे रडली. "आणि इतके दिवस मला एकटीलाच बोलू दिलंस?"

घरी येऊन आम्ही जेवलो. भिंतीकडे आवाज झाला तेव्हा दोघींनी एकदमच मान वर केली आणि एकमेकींकडे पाहून हसलो. भीती गेली नाही, पण वाटून घेतली.

बारकी

२१ ऑक्टोबर

दादा,

तार मिळालीच असेल. तू येणार नाहीस हे गृहीत धरूनच मी सगळं उरकलं, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

शेवटचा महिना कठीण गेला, तुझ्यापासून लपवत नाही. गोळ्या पुऱ्या पडेनात. एकदा वेदनेत तिनं माझं मनगट असं आवळलं की मी ओरडले, "अजूनही वेळ आहे, दवाखान्यात चल." वेळ नव्हता, हे दोघींना माहीत होतं. ती म्हणाली, "तू चुकली नाहीस. मीही चुकले नाही. तरी दुखायचं ते दुखणारच." रोज कोणत्या ना कोणत्या क्षणी वाटायचं की त्या दिवशी नुसती मान हलवायला हवी होती. अजूनही वाटतं. बाबांच्या खुर्च्यांपैकी एकीनंही मला सांगितलं नाही की बरोबर वागल्यावर इतका पस्तावा होतो.

तिला बसवत होतं तोवर ती खिडकीकडे बसली. मग पलंग टेबलाजवळ ओढून घेतला. बाबा येत होते. खरं सांगायचं तर आम्ही तिघं होतो, आणि ते दिवस वाईट असूनही घर भरलेलं होतं. एका दुपारी मी आईला विचारलं, बाबा तुला एवढं काय विचारत असतात? मला तर एकच शब्द ऐकू येतो. तेव्हा तिनं सांगितलं, आणि तुझ्या कानावर घालायलाही सांगितलं. ते रोज एकच विचारतात: "मी त्याला 'जाऊ नकोस' म्हटलं असतं, तर तो राहिला असता का?" तू गेलास त्या दिवसापासून विचारायचे, जिवंतपणीही. खिडकीकडे बसलेल्याला अडवायचं नाही हा नियम त्यांनीच केला होता, तो मोडायची त्यांना लाज वाटली. "मग तू काय सांगतेस?" मी म्हटलं. आई म्हणाली, "मला माहीत नाही म्हणून सांगते. ते त्याला विचारायला हवं." मीही तुला विचारत नाही. सांगायचं काम माझ्याकडे होतं, ते केलं.

ती शनिवारी दुपारी गेली. मी चहाचा कप धुऊन परत आले, तेवढ्यात.

त्या संध्याकाळी मी टेबलाशी बसून राहिले. खुर्चीचा आवाज झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मुद्दाम चुकीचं बोलून पाहिलं, मोठ्यानं म्हटलं की उदारमतवाद म्हणजे वाटेल ते करायची मुभा. हे वाक्य ऐकून बाबा सरणावरूनही उठले असते. कोणी उठलं नाही. ते बहुतेक आईसाठीच येत होते आणि मला मधल्या मध्ये ऐकू येत होतं. किंवा ती त्यांना घेऊन गेली. ज्या आवाजाला भिऊन मी दुकानात काचा पुसत बसायचे, त्याची आता वाट पाहते.

आता मी काय खावं, केव्हा यावं, दिवा किती वेळ जाळावा, यात कोणी नाक खुपसत नाही. चारही खुर्च्यांवर मी आळीपाळीनं बसते. काहीही बोलले तरी उलट बोलायला कोणी नाही. या घरात आता माझ्याशिवाय कोणाचंच मत नाही, दादा. हेच मिळवायला तू इतक्या लांब गेला होतास. तुला याची सवय व्हायला किती काळ लागला, तेवढं मला लिही.

बारकी